पिवळी विकायला निघाली

३ ऑक्टोबर

आज एकदाचे निघालो. निघायचं सातला होतं आणि निघालो नऊनंतर, कारण चाक हलण्याआधी सगळ्यांनी शूला जाऊन यायचं, हा आईचा नियम. सगळे म्हणजे मी आणि दादाने ठरवून दिलेला ड्रायव्हर. ड्रायव्हर पन्नाशीचा आहे, मिशा पिळलेल्या. तो म्हणाला, "मला लागली नाहीये."

आई म्हणाली, "लागल्यावर काय, सगळेच जातात. लागायच्या आधी जायचं असतं."

तो गेला.

आईने तीसेक वर्षं शाळेची व्हॅन चालवली. तिला अख्खं गाव 'व्हॅनमावशी' म्हणतं आणि गाडीला 'पिवळी'. या वर्षी शाळेने मोठ्या बस घेतल्या आणि त्याच सुमारास आईचा डावा गुडघा सुजायला लागला. दादा डोंगरांच्या पलीकडच्या गावात असतो. त्याने सगळं ठरवलं. आईने कायमचं त्याच्याकडे राहायला जायचं. पिवळी तिथल्या भाजीच्या व्यापाऱ्याला विकायची. तो सीटा उपटून आत क्रेट ठेवणार आहे. पंधरा तारखेला तो गाडी बघायला येईल. आईचं सामान गाडीतूनच न्यायचं, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. फोन ठेवल्यावर आईने मला विचारलं, "दोन पक्षी म्हणजे मी आणि पिवळी का गं?"

मी हसले. ती हसली नाही.

दादाची एकच अट होती: आईने घाटात गाडी चालवायची नाही. म्हणून हा ड्रायव्हर.

माझं म्हणाल तर, मी विमा कंपनीच्या अपघात विभागात आहे. कुठली गाडी कशी दरीत जाते हे मला पाठ आहे. नवऱ्याचं घर सोडून चार दिवसांसाठी म्हणून आईकडे आले, ते चार दिवस अजून चालू आहेत. आता मी एकटी राहीन. घरमालकाला सांगायचं आहे की मला लहान खोली चालेल. ते राहून गेलं, परत आल्यावर सांगेन. मला एकटीने राहायला फार आवडेल, असं मी सगळ्यांना सांगते आहे. आज ड्रायव्हरलाही सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

४ ऑक्टोबर

ड्रायव्हर गेला.

आई त्याच्या बरोब्बर मागच्या सीटवर बसली होती आणि सकाळपासून हळू आवाजात बोलत होती. "खड्डा." मग, "पुढचा खड्डा." मग, "दुसऱ्यात टाका, तिसऱ्यात ती कण्हते." मग एका वळणावर एकदम, "अहो, मुलं पडतील!"

"कुठली मुलं?" ड्रायव्हरने आरशात बघितलं. मागे तिच्या ट्रंका, गादी आणि शिलाई मशीन.

"सवयीने म्हटलं," आई म्हणाली.

डोंगर लांबून दिसायला लागले तिथल्या पेट्रोल पंपावर त्याने गाडी थांबवली आणि मला बाजूला बोलावलं. "ताई, इतकी वर्षं मी ट्रक चालवले, मला कुणी गिअर शिकवला नव्हता. तुमच्या आईंना एकदम शेवटच्या सीटवर बसवा. नाहीतर मी उतरतो."

आई खिडकीतून म्हणाली, "उतरायचं असेल तर डावीकडून उतरा हं. उजवीकडून गाड्या येतात."

तो डावीकडून उतरला. पिशवी घेतली आणि समोर उभ्या असलेल्या परतीच्या बसमध्ये चढला. तेवढ्यात दादाचा फोन. "ड्रायव्हरकाकांना दे जरा."

मी म्हटलं, "ते गाडी चालवतायत." त्या क्षणी ते खिडकीत बसून शेंगदाणे सोलत होते. आई तोवर स्टिअरिंगवर जाऊन बसली होती. तिने घसा खाकरून इतक्या खर्जात "हां, हां" केलं, की दादा म्हणाला, "चांगला जबाबदार माणूस वाटतो."

मला गाडी येते, तसं बघायला गेलं तर. बाविसाव्या वर्षी आईने शिकवली, लायसन्सही काढून दिलं. नंतर अपघात विभागात लागले आणि पुन्हा चाकाला हात लावला नाही. लायसन्स मात्र वेळच्या वेळी नवीन करून घेते, न वाचायच्या मासिकाची वर्गणी भरावी तसं.

६ ऑक्टोबर

घाट सुरू झाला. रस्ता म्हणजे डोंगराच्या अंगावर कुणीतरी नखाने ओढलेली रेघ. एका बाजूला ओला खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही. 'काही नाही' इतकं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं. मी जीव मुठीत धरून बसले होते.

पण खरी काळजी वेगळीच. आईला विसरायला होतंय.

चढणीवर तिने एका हातात थर्मासचं झाकण धरलं आणि म्हणाली, "मला चहा प्यायचाय. मी क्लच दाबते, तू तिकडून गिअर टाक. तिसरा कुठे असतो गं?"

मला वाटलं गंमत करते. पण तिचा चेहरा अगदी कोरा. मी म्हटलं, "आई, तिसरा वर. मधे."

"हो का? आणि आता ही दमली तर कितव्यात घ्यायची?"

"दुसऱ्यात."

"दमली हे कशावरून कळतं?"

"आवाज जड होतो."

"बरं, बरं," ती म्हणाली आणि चहा प्यायली. मग दिवसभर हेच. इथे हॉर्न वाजवावा का? उतारावर ब्रेकवर पाय ठेवून चालावं की गिअरवर? एवढी वर्षं गाडी चालवलेली बाई मला विचारते, रिव्हर्स कुठे! दादाला सांगायला हवं. पण सांगितलं की तो तिच्या हातातून किल्लीच काय, भाजी चिरायची सुरीसुद्धा काढून घेईल.

७ ऑक्टोबर

पाऊस. दरड कोसळली म्हणून रस्ता बंद, एका जुन्या विश्रामगृहात मुक्काम. आईने गुडघा शेकला. दुपारी जेवणाच्या टेबलावर तिने चमच्यांचा घाट मांडला, काड्यापेटीची पिवळी केली, मिठाची बाटली म्हणजे समोरून येणारा ट्रक. म्हणाली, "मला जरा समजावून सांग. अशा वळणावर कसं करायचं असतं?" मी तिला खूप वेळ समजावलं. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं, मधेमधे "असं होय?" म्हणाली.

बिचारी.

९ ऑक्टोबर

रस्ता उघडला. आता हा सबंध दिवस लिहून काढल्याशिवाय मला झोप यायची नाही.

घाट लागल्यापासून आई वाटेत हात करील त्याला गाडीत घेते आहे. तिला थांबायची सवयच आहे. रस्त्याच्या कडेला माणूस उभा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. आज एका वळणावर एक मधपाळ उभा होता. चेहऱ्याने शांत, कानात लोकरीचे बोळे, शेजारी गोणपाटात गुंडाळलेल्या दोन लाकडी पेट्या. थंडीच्या आधी मधमाश्या खालच्या खोऱ्यात न्यायच्या होत्या.

"किती जण?" आईने विचारलं.

"मी एकटा. आणि ह्या."

"ह्या किती?"

"एका पेटीत वीसेक हजार असतील."

"बसा. जागा आहे."

मी म्हटलं, "आई, पॉलिसीत प्रवाशांची संख्या लिहिलेली असते."

"माझ्या गाडीत जागा नाही असं अजून झालं नाही," ती म्हणाली आणि एक पेटी पुढे, आमच्या दोघींच्या मधे ठेवायला लावली. "ज्यांना गाडी लागते ते पुढे बसतात."

पेटीतून गुणगुण येत होती. मला गुडघ्याशी कुणीतरी सतत तक्रार करतंय असं वाटत होतं. तासाभराने एक माशी कुठल्याशा फटीतून बाहेर आली, काचेवर जरा फिरली आणि आईच्या उजव्या हाताला चावली.

"मेले गं!" आई ओरडली आणि गाडी अगदी व्यवस्थित कडेला घेऊन हँडब्रेक ओढला.

मधपाळाने नखाने काटा काढला. म्हणाला, "थोडी सूज येईल. तासाभरात उतरेल."

"तासाभरात?" आईने त्याच्याकडे रोखून बघितलं. "मला तर पार पायापर्यंत गेल्यासारखं वाटतंय. डाव्या."

मधपाळाने आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा आईकडे. "हो, हो," तो म्हणाला. "जातं कधीकधी पायापर्यंत. डाव्यात जास्त."

अनुभवी माणूस दिसला. चावा उजव्या हाताला आणि विष डाव्या पायात, हे मला नवीनच होतं. क्लच दाबायला तोच पाय लागतो.

"आता काय करायचं?" मी विचारलं. "तुम्ही चालवाल का?"

"मला फक्त ह्याच हाकता येतात," तो पेटीवर हात ठेवून म्हणाला.

आई आधीच डाव्या बाजूला येऊन उभी होती. "सरक तिकडे," म्हणाली.

मी स्टिअरिंगवर बसले. माझे हात इतके थरथरत होते, की मला वाटलं इंजिन सुरू झालं. गाडी पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडली. तिसऱ्यांदा बेडकासारखी उडी मारून बंद पडली. आतली वीस हजार मंडळी एकदम गप्प झाली.

"सावकाश," आई म्हणाली. "शाळा सुटली तरी आपण गेल्याशिवाय मुलं कुठे जात नाहीत."

मग गाडी निघाली. मी कुठल्या गिअरमध्ये होते, कुठे बघत होते, काही आठवत नाही. एवढंच आठवतं की आई एकदाही 'खड्डा' म्हणाली नाही. खड्डा तर मी एकही सोडला नाही.

खालच्या खोऱ्यात मधपाळ उतरला. जाताना मला म्हणाला, "ताई, माश्यांना तुमचं चालवणं आवडलं. घाबरल्या असत्या तर आवाज बदलला असता." त्याने आईला नमस्कार केला. माझ्या अंदाजाने जरा जास्तच हसत केला.

१० ऑक्टोबर

आजही मीच चालवली. आईच्या हाताची सूज कधीच उतरली, पण पायातलं विष निघायला वेळ लागतो म्हणाली.

मुक्कामाच्या ठिकाणी फोनला रेंज होती. दादाला लावला. तो म्हणाला, व्यापारी पंधराला नक्की येतोय, त्याने सीटा काढायला माणूसही सांगून ठेवलाय. मग आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांग. आईला विसरायला होतंय का?"

मी दार लोटून घेतलं. मग म्हटलं, "थोडंसं."

"म्हणूनच म्हणतो ना मी." दादा सांगत सुटला. न्हाणीघरात त्याने दांडी बसवून घेतली आहे. तिचा पलंग खिडकीशी लावला आहे. उशी कशी हवी, मऊ की कडक, ते विचारत होता. मला त्याला सांगता आलं नाही. इतकी वर्षं एका घरात राहून मला आईची उशी माहीत नाही.

बाहेर आले तर आई पायरीवर बसली होती. "काय म्हणाला?"

"उशी कशी हवी विचारत होता."

"आणखी?"

"तू मजेत आहेस असं सांगितलं मी."

"मग रडतेस कशाला?"

"माशी चावली."

"माशी मला चावली," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "मऊ सांग."

म्हणजे ती तयार आहे तर. मला बरं वाटायला हवं होतं.

१२ ऑक्टोबर

सर्वांत उंच खिंड ओलांडली. हवा इतकी विरळ, की मला माझंच बोलणं पाहुण्याचं वाटत होतं. वर दगडांशिवाय काही नाही. एवढं मोठं आणि एवढं रिकामं बघून मला वाटलं होतं भीती वाटेल. वाटली नाही. उलट कुणीतरी खोलीतलं जास्तीचं सामान हलवल्यासारखं वाटलं.

हे छान छान विचार उतारावर एका वळणापर्यंत टिकले. समोरून लाकडं भरलेला ट्रक आला. रस्ता एकाच गाडीचा. चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने मागे जायचं, हा नियम मला नीट माहीत आहे. तो न पाळलेल्यांच्या फायली मीच बघते. मागे जायला जागा होती ती वरच्या वळणावर. म्हणजे रिव्हर्समध्ये, चढ, आणि उजव्या हाताला दरी.

मी म्हटलं, "आई, तू घे."

"माझ्या पायात विष आहे," आई म्हणाली आणि खाली उतरली.

ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढलं. "ओ बाई! संध्याकाळ करता काय? स्टिअरिंग म्हातारीच्या हातात द्या!"

"म्हातारीनेच दिलंय," आई म्हणाली. "तुम्ही हँडब्रेक लावून विडी ओढा."

ती पिवळीच्या मागे जाऊन रस्त्यात उभी राहिली, मला आरशात दिसेल अशी. शाळेच्या दारात उभी राहायची तशी, दोन्ही हात पसरून. "माझ्याकडे बघ. दरीकडे नको बघू. दरी कुठे जात नाही."

आमच्या ऑफिसच्या अर्जात एक रकाना असतो: 'अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होते?' मला तो रकाना डोळ्यांसमोर दिसत होता आणि त्यात माझं नाव, माझ्याच अक्षरात. मी रिव्हर्स टाकला. आई मागे मागे चालायला लागली, मी तिच्या मागे. ती डावा हात हलवायची, मी डावीकडे. ती मूठ मिटायची, मी थांबायची. एकदा मागचं चाक कडेच्या खडीवर गेलं आणि दगड खाली गेल्याचा आवाज आला. पोचल्याचा आला नाही.

आई लंगडत होती. अगदी हळू, पाय ओढत, मधेच खडकाला हात लावून. मला वेळ मिळावा म्हणून मुद्दाम हळू चालत असणार. तिची ही युक्ती माझ्या लगेच लक्षात आली.

वळणावर पोचल्यावर मी गाडी डोंगराला इतकी चिकटवली की दारावर शेवाळ आलं. ट्रक शेजारून गेला. ट्रकवाला म्हणाला, "जमलं की!" मी त्याला काहीतरी खणखणीत उत्तर दिलं, पण तो गेल्यानंतर.

मग मी उतरून रस्त्यातच बसले आणि हसायला लागले, थांबताच येईना. आई बाजूच्या दगडावर बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. उंचीने होतं तसं.

संध्याकाळी तिचा गुडघा बघितला तर भोपळ्याएवढा. मी म्हटलं, "हे विष कधी उतरणार?" ती म्हणाली, "आता नाही उतरायचं." आणि गुडघ्यावर हळूच चापट मारली, मागच्या सीटवरच्या द्वाड पोराला मारावी तशी.

१३ ऑक्टोबर

पोचलो. दादा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. मला स्टिअरिंगवर बघून त्याने आधी माझ्यामागे ड्रायव्हर शोधला.

"काका कुठायत?"

"ते पेट्रोल पंपावरच उतरले," आई म्हणाली. "डावीकडून."

"कुठल्या पंपावर? मग एवढा घाट कुणी..."

"हिने."

दादाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी त्याचं पेन हरवल्यावर बघायचा. मग काही न बोलता ट्रंका उतरवायला लागला. वहिनीने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "मलाही शिकव."

आईची खोली फार छान केली आहे. खिडकीतून रस्ता दिसतो. आई पलंगावर बसली, उशी दाबून बघितली, "मऊ आहे," म्हणाली आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघत राहिली.

१५ ऑक्टोबर

व्यापारी सकाळीच आला. सज्जन माणूस, गाडीला हात लावण्याआधी रुमालाने हात पुसणारा. त्याने पिवळीभोवती एक फेरी मारली आणि खूश होऊन आईला म्हणाला, "मावशी, जपून ठेवलीये हो."

"दिसायला चांगली आहे," आई म्हणाली. "तुमच्यापासून लपवून काय करायचंय? पहिला गिअर सकाळी लागत नाही."

"सकाळी म्हणजे?"

"बारापर्यंत. तुम्ही भाजी कधी नेता?"

"पहाटे चारला."

"अरेरे," आई म्हणाली.

दादा म्हणाला, "आई, हे कधीपासून?"

"ब्रेकचं विचारा," आई व्यापाऱ्याला म्हणाली. "ब्रेक आहेत. लागतात. पण त्यांच्या सवडीने. आणि उन्हात आत वास येतो. इतक्या वर्षांत इतकी मुलं ओकली. तो वास आता पत्र्यात गेलाय. भाजीला लागेल की नाही, ते मला सांगता यायचं नाही."

"कुठे वास येतोय?" दादा म्हणाला.

"तुला नाही यायचा. पहिली दोन वर्षं तुझाच आहे."

वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाली. मी थक्क होऊन ऐकत होते. सबंध घाटात पहिला गिअर रोज पहाटे लोण्यासारखा लागला होता. ब्रेक तर मी स्वतः दाबले आहेत, खडीवर, उतारावर, शेळ्यांसमोर. इतके आज्ञाधारक ब्रेक मी पाहिले नाहीत. माझ्या मनात आलं, बिचारीच्या डोक्यात दुसऱ्याच कुठल्या गाडीची गल्लत झाली. खरं ते सांगणं माझं काम आहे, मी सांगते.

व्यापारीही माझ्याकडेच वळला. "ताई, तुम्ही अपघात विभागात आहात म्हणे. आणि घाटातून गाडी तुम्हीच आणलीत. तुम्ही सांगा, ब्रेक कसे आहेत?"

मी तोंड उघडलं आणि आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. एक हात पिवळीच्या दाराच्या मुठीवर आणि नजर जमिनीकडे. शाळा सुटल्यावर सगळ्यांची माणसं येऊन जातात आणि एकच मूल फाटकाशी राहतं ना, ते असं उभं असतं. दप्तराचा पट्टा धरून. कुणी विचारलं तर म्हणतं, येतीलच आता.

"ब्रेकचं मी बोलणारच नव्हते," मी म्हटलं. "पण तुम्ही विचारलंत म्हणून. मी तर पूर्ण घाट हँडब्रेकवर उतरले."

व्यापाऱ्याने पुन्हा हात पुसले आणि चहा न घेता गेला. माझ्या नोकरीतलं हे पहिलं खोटं निवेदन. सही केली नाही, एवढंच.

दादा पायरीवर बसला. मग म्हणाला, "यायचंच नव्हतं तर मला सांगायचं होतंत."

"तू विचारलंस कुठे?" आई म्हणाली. "तू ठरवलंस."

"काळजी वाटते म्हणून ठरवलं. तुझा पाय बघ."

"बघितला. माझं गाडी चालवणं संपलं, ते मला तुझ्याआधी कळलं." आई लंगडत जाऊन त्याच्या शेजारी बसली. "काळजी मलाही वाटायची रे, एकेका मुलाची. म्हणून मी कुणाच्या घरात शिरले नाही. दारापर्यंत सोडायचं. आत जाईपर्यंत थांबायचं. मग आपण निघायचं."

"आणि तू विसरतेस ते?" दादाने माझ्याकडे बघितलं.

मलाही बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "हो ना आई. तिसरा गिअर कुठे, ते तू मला विचारत होतीस."

आईने माझ्याकडे खूप वेळ बघितलं. "मग?" म्हणाली. "तुला तरी कुठे माहीत होता?"

यावर मी अजून विचार करते आहे.

१७ ऑक्टोबर

निघालो. बोलणी झाली ती अशी: थंडी संपली की आई महिनाभर दादाकडे राहायला येईल, आणि आणायला-सोडायला मी. दादाने खोली तशीच ठेवायची. घर आहे तेच राहील. बरं झालं मी घरमालकाला काही बोलले नाही, माझ्या विसराळूपणाचा असा कधीतरी उपयोग होतो. वहिनीने विचारलं, गाडीचं पुढे काय करणार? आई म्हणाली, "आधी घरी तर नेऊ."

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. आज सकाळी उठून बघते तर तो पुढची काच पुसत होता. ड्रायव्हरच्या सीटवर त्याने जाड उशी आणून ठेवली. "तुझी नजर स्टिअरिंगच्या वर येत नाही," म्हणाला. "येताना मी बघितलं." मग आईच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि तिने गालाला हात लावल्यावर पटकन म्हणाला, "जा आता, ऊन होईल."

गावाबाहेर पडलो. चढ सुरू झाला. पिवळी दमली, मी दुसऱ्यात घेतली. ट्रक आला, त्याला वाट दिली. एक खड्डा चुकवला, तोही मुद्दाम. काहीतरी शेरा येईल म्हणून मी वाट बघत होते. आला नाही. बघते तर आईची मान खिडकीकडे कललेली, डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं.

आई चालत्या गाडीत झोपत नाही. दुसऱ्याच्या गाडीत नाही, बसमध्ये नाही, आजारी असतानाही नाही. जन्मात कधी पाहिलेली नाही मी तिला गाडीत झोपलेली. आरसा बघितला, हात दाखवला, गाडी अगदी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि तिच्या नाकापाशी बोट धरलं.

"काय झालं?" ती डोळे न उघडताच म्हणाली. "थांबलीस का?"